एक गुहा, पाच एडिशन आणि गंपूची स्लीप

मागच्या वर्षी जूनमधे आमच्या रविवारच्या टोळक्यात एक वाद पेटला आणि तो मिटवायच्या नादात मी अख्खा पावसाळा घालवला. वाद तसा साधाच. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या तोंडाने आणि फाशांनी खेळायच्या खेळाची २०२४ वाली तिन्ही नियमांची पुस्तकं तोपर्यंत आलेली, प्लेअर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ ला, डीएमचं (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) नोव्हेंबरात आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ ला. आम्ही मात्र गेली पाच-सहा वर्षं २०१४ च्या पाचव्या एडिशनवरच खेळतोय. आता नवीन कॅम्पेन, म्हणजे बरेच रविवार चालणारी एक गोष्ट, सुरू करायची तर कशावर करायची, यावर चौघांची चार तोंडं.

चौघं म्हणजे एक वकील, हा खरोखरच वकील आहे, नियमात पळवाट शोधणं हा त्याचा धंदाही आणि छंदही. दुसरा माझा मामेभाऊ दादा, चाकणला कारखान्यात असतो, त्याला जन्मात फक्त फायटर खेळायचा असतो. तिसऱ्या वरच्या मजल्यावरच्या अक्का, बँकेतून रिटायर झाल्यात, लॉकडाऊनमधे जिन्यात बसून माझ्या भाच्याने त्यांना हा खेळ शिकवला तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही. आणि चौथा तो भाचा, वय तेरा, कायम जादूगार घेतो आणि त्याचं नाव कायम गंपू ठेवतो. एक गंपू मेला की दुसरा गंपू. मी डीएम.

ज्यांना हा प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डीएम सांगतो समोर काय आहे, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगतात, जिथे जमेल का नाही अशी शंका येते तिथे फासा टाकायचा. बस. बाकी सगळं म्हणजे तो फासा कधी टाकायचा आणि त्यात काय मिळवायचं याच्यावर १९७४ पासून चाललेली भांडणं.

तर वकील म्हणाला ३.५ सारखी एडिशन झाली नाही होणार नाही, दादा म्हणाला नवीन आलंय तर नवीन घ्या, अक्का म्हणाल्या मला जे पाठ झालंय तेच ठेवा रे बाबांनो, आणि भाच्याने कुठेतरी व्हिडिओ बघितला होता की जुन्या एडिशनमधे पहिल्याच खोलीत मरतात, त्याला ते करून बघायचं होतं. शेवटी मी म्हणलं, मी सात खोल्यांची एक गुहा काढतो. तीच गुहा, तेच गॉब्लिन (छोटे राक्षस), तोच ओगर (धिप्पाड राक्षस), तीच पेटी, आणि तुम्ही दर वेळी फायटर, क्लेरिक (देवभक्त मांत्रिक), चोर आणि गंपू. फक्त पुस्तक बदलायचं. बघू काय होतं ते.

पुस्तकं गोळा करण्यातच दोन आठवडे गेले. ३.५ ची वकिलाकडे होती, हॉस्टेलच्या दिवसांतली, पानं सुटलेली आणि चहाचे डाग पडलेली. चौथ्या एडिशनची आतेभावाने अमेरिकेहून येताना आणून टाकली होती, तिकडे कोणी घेत नाही म्हणून. १९८१ ची बेसिक आणि एक्सपर्ट, ज्याला लोक बी-एक्स म्हणतात, त्याची पीडीएफ अजून रीतसर विकत मिळते, ती घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणली. तो पानं लावता लावता म्हणाला, कुठल्या कोर्सचं आहे हे? मी म्हणलं, डिप्लोमा. बेसिकचं पुस्तक फक्त ६४ पानांचं आहे. २०२४ चं नुसतं प्लेअर्स हँडबुक ३८४ पानांचं. हे दोन शेजारी शेजारी टेबलावर ठेवले तेव्हाच खरं तर मला काहीतरी कळायला पाहिजे होतं.

एडिशनचे नंबर हा एक वेगळाच गोंधळ आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातून तीन पातळ पुस्तिका एका डब्यात घालून काढल्या, पहिली छपाई १००० डब्यांची. पुढे १९७७ पासून गायगॅक्सच्या कंपनीने दोन लाईनी चालवल्या, एक साधी बेसिक आणि एक ॲडव्हान्स्ड, आणि आज ज्याला पहिली आणि दुसरी एडिशन म्हणतात ती ॲडव्हान्स्डची. त्यामुळे बी-एक्स ही ना पहिली ना दुसरी, ती चुलत बहीण. अर्नेसनने १९७९ ला रॉयल्टीवरून या कंपनीला कोर्टात खेचलं होतं हे ऐकल्यावर वकिलाचे डोळे चमकले, त्याला खेळापेक्षा त्या केसमधेच जास्त रस. ॲडव्हान्स्ड आम्ही वाचून बघितली आणि सोडून दिली. पहिल्या एडिशनमधे आधी वार कोणाचा हे ठरवायचा भाग मी तीनदा वाचला, तिन्ही वेळा वेगळा अर्थ लागला. दुसरीतलं ते थॅको प्रकरण, म्हणजे समोरच्याचं चिलखत जितकं चांगलं तितका त्याचा आकडा कमी आणि तुझ्या थॅकोतून (वार लागायला लागणाऱ्या तुझ्या आकड्यातून) तो वजा करायचा, हे अक्कांना एका मिनिटात समजलं. म्हणाल्या, यात काय आहे, वजाबाकीच तर आहे. दादा इंजिनिअर असून पंधरा मिनिटं अडकला.

पहिला रविवार बी-एक्सचा. पात्रं बनवायला पाचही जण मिळून वीस मिनिटं, त्यातली दहा पेन्सिल शोधण्यात. सहा गुण, प्रत्येकाला तीन फासे, आले त्या क्रमाने लिहायचे. दादाचा फायटर ६ हिट पॉइंटचा (किती मार सोसेल तो आकडा), वकिलाचा चोर ३ चा, आणि गंपू २ चा. गंपूकडे एक सुरी आणि दिवसाला एकच मंत्र, स्लीप, म्हणजे समोरच्याला झोपवायचा. अक्कांनी क्लेरिकचं पान उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, अरे माझे मंत्र कुठायत? पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला बी-एक्समधे एकही मंत्र नाही. अक्का म्हणाल्या, म्हणजे नुसतीच भक्ती का.

एक सोन्याचं नाणं देऊन सहा टॉर्च घेतल्या. एक टॉर्च सहा टर्न जळते, एक टर्न म्हणजे दहा मिनिटं, आणि मी भाच्याला सांगितलं की प्रत्येक टर्नला कागदावर एक रेघ मार. हा मी सहज सोपवलेला हिशोब, पण त्याने तो इतका मनावर घेतला की दुसरी टॉर्च पेटवल्यावर तो सगळ्यांना ओरडायला लागला, चला ना, किती वेळ दार बघताय.

गॉब्लिन पहिल्याच खोलीत होते, सहा. मी सवयीने म्हणणार होतो की इनिशिएटिव्ह (आधी वार कोणाचा) टाका, पण बी-एक्समधे आधी डीएमने दोन फासे टाकून बघायचं असतं की समोरच्यांचा मूड काय आहे. नऊ आले. म्हणजे हल्ला नाही, ऐकून घेतील. दादाने तलवार उपसलेली तशीच हातात, आणि अक्का पुढे होऊन म्हणाल्या, आम्ही तुमच्याशी भांडायला नाही आलो, आत ते धूड आहे ना, त्याने तुम्हाला काय त्रास दिलाय सांगा. गेल्या पाच वर्षांत आम्ही गॉब्लिनशी बोललो नव्हतो हो. एकदाही नाही. पुढची वीस मिनिटं गॉब्लिन ओगरच्या तक्रारी सांगत होते आणि अक्का बँकेच्या काउंटरवर बसल्यासारख्या ऐकून घेत होत्या. शेवटी दहा नाणी आणि शिधा देऊन वाट मिळाली.

याचं कारण नंतर लक्षात आलं. बी-एक्समधे एक गॉब्लिन मारला तर ५ एक्सपी (अनुभवाचे गुण, ते साठले की लेव्हल वाढते), आणि तो ज्या पेटीवर बसलाय त्यातल्या दर सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी. मग कशाला मारामारी करा. ० हिट पॉइंट म्हणजे मेलाच, मधलं काही नाही.

आणि ते वकिलाला पुढच्याच बोळात कळलं. बोळात खड्डा होता, वर चटई आणि माती. वकील म्हणाला, मी चोर आहे, सापळा शोधतो. पहिल्या लेव्हलच्या चोराला सापळा सापडायची शक्यता १० टक्के. नाही सापडला. म्हणाला, नाहीये काही, या. आणि स्वतः पहिला पाय टाकला. दहा फूट खाली, एक सहाचा फासा, चार आले, ह्याच्याकडे तीन. खेळ सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती. वकील कागदाकडे बघत बसला, मग म्हणाला, ही काय सिस्टीम आहे? भाचा आनंदाने टाळ्या वाजवत होता. दहा मिनिटांत वकिलाचा बुटका आला (बी-एक्समधे बुटका हाच एक क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार आहे, बुटका फायटर वगैरे नाही, बुटका म्हणजे बुटका) आणि त्याच्या सामानात पहिली ओळ होती, काठी, दहा फूट, एक सोन्याचं नाणं. तिथून पुढे हा माणूस प्रत्येक फरशी ठोकत गेला.

ओगरच्या खोलीत मूडचा फासा वाईट पडला, तीन. ओगर उठला. भाच्याने इतका वेळ राखून ठेवलेली स्लीप काढली. बी-एक्सच्या स्लीपला सेव्ह, म्हणजे त्यातून वाचायचा फासा, नाही. ४+१ हिट डाइसपर्यंतचा (राक्षसाच्या ताकदीचा आकडा) प्राणी असेल तर झोपणार म्हणजे झोपणार, आणि ओगर बरोब्बर ४+१ चा, जणू लिहिणाऱ्याने त्याच्यासाठीच रेघ आखली होती. धाडकन पडला. झोपलेल्याला धारदार हत्याराने एका घावात मारता येतं, दादाने मारला. दोन हिट पॉइंटच्या गंपूने एका वाक्यात गुहेतलं सगळ्यात मोठं संकट संपवलं आणि मग उरलेला वेळ तो टॉर्च धरून उभा राहिला कारण त्याच्याकडे दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. साडेतीन तासांत सातही खोल्या झाल्या. मेला फक्त एकटा वकील, म्हणजे त्याचा चोर. भाचा दोन दिवस फोन करून विचारत होता, मामा, परत कधी.

दुसरा रविवार ३.५ चा ठरला होता, म्हणजे २००३ ची. तो संपूर्ण रविवार पात्रं बनवण्यात गेला. मी खोटं सांगत नाहीये, चार ते आठ. स्किल पॉइंट चारने गुणायचे, फीट (एखादं खास कसब) निवडायचं, आणि ते निवडताना सहाव्या लेव्हलला काय पाहिजे आहे ते आत्ता माहीत पाहिजे नाहीतर दार बंद. वकील घरून एक्सेल करून आला होता, पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत, रंगसुद्धा दिलेले. मी म्हणलं, अरे आपण एकच गुहा खेळणारोत. तो म्हणाला, असू दे, मला बघायला बरं वाटतं. आणि खरं सांगतो, हे वाक्य ३.५ बद्दल सगळं सांगतं. ती एडिशन एकट्याने रात्री बसून खेळायचीसुद्धा आहे. तिचे लाड करणारे लोक तेव्हापण खूप होते आणि २००० साली विझर्ड्स या प्रकाशक कंपनीने ओपन लायसन्स (हे नियम वापरून कोणीही पुस्तक काढायची परवानगी) दिल्यामुळे तिच्यावर इतरांनी पण पुस्तकांचा डोंगर उभा केला, २००९ चं पाथफाइंडर त्यातूनच आलं. २०२३ च्या जानेवारीत त्याच लायसन्सवरून केवढा गदारोळ झाला आणि शेवटी पाचवीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समधे आले, म्हणजे सगळ्यांना मोकळे झाले, ही कथा वकिलाने आम्हाला त्या संध्याकाळी कलमांसकट ऐकवली. पावसामुळे कोणाला उठून जाता येईना.

तिसऱ्या रविवारी प्रत्यक्ष गुहा. गॉब्लिनशी बोलायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, दादाने सरळ एकाला कवळ घालून धरायचं ठरवलं. ग्रॅपल. ३.५ खेळलेल्या माणसाने हा शब्द ऐकला की तो उठून पाणी प्यायला जातो. आधी गॉब्लिनला फुकटचा एक वार, तो लागला तर पकड सुटली, नाही लागला तर नुसता हात लागायचा अटॅक, मग दोघांचे समोरासमोर फासे, त्यात गॉब्लिन छोटा म्हणून उणे चार, मग आपण त्याच्या चौकोनात सरकायचं. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत खेळातले सहा सेकंद गेले.

गंपूची स्लीप इथे अख्खा राउंड घेते. म्हणजे आत्ता म्हणायला सुरू केलं तर परत आपली पाळी येईपर्यंत म्हणत राहायचं. तेवढ्यात एक गॉब्लिन आला, टोला दिला, एकाग्रतेचा फासा चुकला, मंत्र वाया. ओगरसाठी दुसरी ठेवली होती. ओगरला सेव्ह, १४ पाहिजे, त्याला अधिक एक, पंधरा पडले. ओगर जागाच. मग त्याच्या सोट्याचा टोला, दोन आठचे फासे अधिक ७, वीस झाले, दादाचा १२ वाला फायटर थेट उणे आठवर. उणे दहाला मरतो. अक्कांनी (इथे त्यांना मंत्र होते आणि हवा तो मंत्र सोडून त्याजागी जखम बरी करता येते याने त्या फार खूष होत्या) कसाबसा वाचवला, आणि वकिलाने मागून दोन स्नीक अटॅक (चोराचा बेसावध गाठून केलेला वार) बसवून ओगर पाडला.

आणि खड्डा? वकील म्हणाला, टेक ट्वेंटी. म्हणजे भरपूर वेळ घेऊन शोधतो, फासा न टाकता वीस पडले असं धरायचं. अधिक आठ, अठ्ठावीस, पाहिजे वीस. सापडला. पाच सेकंदात विषय संपला. काठी लागली नाही, चटई दिसली नाही, माती हलली का ते कोणी विचारलं नाही.

मी सगळे रविवार मोबाईलवर रेकॉर्ड करत होतो, कोणाला किती वेळ लागला ते बघायला. ऑफिसला जाताना बसमधे ऐकायचो. वेळेचं राहिलं बाजूला, मला भलतंच ऐकू यायला लागलं. बी-एक्सच्या रेकॉर्डिंगमधे सतत प्रश्न, छत किती उंच आहे, पाणी वाहतंय का साचलंय, दार आपल्याकडे उघडतं का तिकडे. ३.५ च्या रेकॉर्डिंगमधे मला कोणी खोलीबद्दल विचारतच नव्हतं. सगळे आपल्या कागदाशी बोलत होते. आकडे, आकडे, मधेच पान उलटल्याचा आवाज.

चौथीला, म्हणजे २००८ वालीला, मी आधीपासून पूर्वग्रह घेऊन बसलो होतो कारण तिला शिव्या घालणं ही आमच्या जमातीत रीतच आहे. व्हिडिओ गेमसारखी आहे, सगळे क्लास सारखेच वाटतात वगैरे. कार्डशीटवर एक इंचाचे चौकोन आखले आणि छोटे पुतळे नव्हते म्हणून कॅरमच्या सोंगट्या घेतल्या, काळ्या गॉब्लिन, पांढऱ्या आपल्या, आणि राणी ओगरसाठी राखून ठेवली. पण ओगर पुस्तकात आठव्या लेव्हलचा निघाला, १११ हिट पॉइंट. (१९८१ मधे सरासरी १९ चा होता हो.) पहिल्या लेव्हलच्या चौघांसमोर उभा करायची माझी हिंमत झाली नाही, दुसरं कोणीतरी बसवलं, म्हणजे माझ्या प्रयोगात इथे जरा गडबडच झाली.

चार वाजता गॉब्लिनच्या खोलीत शिरले. पाचला आई चहा आणि भजी घेऊन आली, बोर्ड बघून गेली. सहा वाजता कप न्यायला आली आणि म्हणाली, अजून त्याच खोलीत का रे? होतो. साधा गॉब्लिन वॉरियर इथे २९ हिट पॉइंटचा, वार हुकला की टुणकन एक चौकोन बाजूला सरकतो. तिरकं चाललं तरी एक चौकोन म्हणजे एकच, ३.५ मधे दुसऱ्या तिरक्याला दोन धरायचे. वकील म्हणाला, पायथागोरसला फाशी दिली यांनी.

पण. त्या दोन तासांत दादा जेवढा हसला तेवढा मी त्याला इतक्या वर्षांत हसताना बघितला नव्हता. एरवी फायटर म्हणजे काय, मारतो, लागलं, मारतो, नाही लागलं. इथे त्याच्याकडे टाइड ऑफ आयर्न नावाचा एक डाव होता, वार बसला की समोरच्याला ढालीने एक चौकोन मागे ढकलायचं. आणि बोळाच्या तोंडाशी तो खड्डा. त्याने एकेका गॉब्लिनला एकेक चौकोन रेटत खड्ड्यापाशी नेलं. गॉब्लिनला काठाला धरायला सेव्ह असते, दहा किंवा वर. पहिला वाचला, काठावर आडवा झाला. दुसरा गेला. दादा खुर्चीतून उठून ओरडला. अक्कांना मी क्लेरिकऐवजी वॉरलॉर्ड घ्यायला लावलं होतं, म्हणजे स्वतः मारण्यापेक्षा दुसऱ्याला हुकूम देऊन मारायला लावणारा, आणि अक्का त्या बोर्डावर अशा काही उभ्या राहिल्या की बस. तू इकडे सरक, तू मार, तू माझ्यामागे ये. रेकॉर्डिंगमधे यावेळी कोणी खोलीला काही विचारत नव्हतं हे खरंच, पण कागदाशीही बोलत नव्हते, एकमेकांशी बोलत होते. चौथीबद्दल हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. गंपूची स्लीप इथे दिवसातून एकदा, आधी नुसती गती कमी, मग सेव्ह चुकली तर झोप, पाचातले दोन झोपले. चार तासांत दोन खोल्या. या वेगाने सात खोल्यांना दिवाळी उजाडली असती, म्हणून तिथेच थांबलो. आवरताना राणी सापडेना, आणि आमचा कॅरम तेव्हापासून राणीविना आहे.

पाचवी, २०१४. ही आमची घरची, तिच्याबद्दल नवीन काय कळणार असं वाटलं होतं. खड्डा अक्कांच्या क्लेरिकला चालता चालताच दिसला, कारण पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधता आपोआप किती दिसतं तो आकडा) पुरेसं होतं आणि नियमाप्रमाणे मी सांगायलाच पाहिजे होतं. मी सांगितलं, तुम्हाला खड्डा दिसतो. बरं, म्हणाले, आणि बाजूने गेले. पाच वर्षं मी हे करतोय आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला ते वाक्य बोलताना कसंतरी झालं. टॉर्च कोणी घेतलीच नाही, लाइट कॅन्ट्रिप, म्हणजे उजेडाचा छोटा मंत्र, फुकट आणि अमर्याद. भाचा सवयीने कागद घेऊन बसला होता रेघा मारायला, मग ठेवून दिला.

ओगरची मारामारी मात्र आजवरची सगळ्यात भारी झाली. ५९ हिट पॉइंट. दादा पडला, अक्कांनी हीलिंग वर्ड या बरं करायच्या मंत्राने उठवला, परत पडला, परत उठवला, तिसऱ्यांदा पडला तर डेथ सेव्हला (जगतो का मरतो याच्या फाशाला) नॅट ट्वेंटी, म्हणजे फाशावरच वीस, येऊन एका हिट पॉइंटवर आपोआप उठला. भाचा म्हणाला, मामा हा मरतच नाही, उठाबशा काढतोय नुसता. अक्का २ वर होत्या. ओगर १९ वर आला होता, ते फक्त मला माहीत. भाच्याने विचार करून स्लीप टाकली. २०१४ ची स्लीप म्हणजे पाच आठचे फासे, जेवढे येतील तेवढ्या हिट पॉइंटचे जीव झोपणार, ज्याचे सगळ्यात कमी तो आधी, आणि वीस फुटांत आपला परका बघत नाही. २४ आले. वकिलाने हिशोब मांडला. दादाचा १, झोपला. अक्कांचे २, झोपल्या. उरले २१. ओगर १९. झोपला. तिघं एका रांगेत घोरतायत आणि लांब कोपऱ्यात धनुष्य घेऊन उभा असलेला एकटा वकील. तो हळूच आला, जवळून वार म्हणजे क्रिटिकलच (दुप्पट फासे), वर स्नीक अटॅक, मोजले, पुरेसे निघाले. बी-एक्समधे खड्ड्यात मेलेल्या माणसाने हा सूड घेतला असं त्याचं म्हणणं आहे.

२०२४ ची त्यानंतर लगेच खेळल्यामुळे तिच्यावर थोडा अन्यायच झाला असेल. बारीक बारीक गोष्टी सुधारल्यात, जखम बरी करायच्या क्युअर वूंड्सला एका फाशाऐवजी दोन, हत्यारांना मास्टरी, म्हणजे दादाच्या हातोड्याने आता माणूस आडवा होतो. चौथीतलं ते ढकलणं थोडं परत आलंय असं दादाला वाटलं, त्याने लगेच मत देऊन टाकलं. मजा स्लीपची. आता ती फक्त पाच फुटांची, हवा तोच जीव निवडायचा, आणि शहाणपणाची सेव्ह. हिट पॉइंटचा संबंधच काढून टाकला. आणि ओगर मुळात बिनडोक, त्याला सेव्हला उणे दोन. पहिली सेव्ह चुकली, दुसरी चुकली, गाढ झोपला. पूर्ण तब्येतीत असलेला ओगर, पहिल्या लेव्हलच्या गंपूकडून, एका मंत्रात. भाचा ओरडला, परत एक्याऐंशी! यावेळी मारला नाही. मार लागला की जागा होतो आणि झोप मिनिटभराचीच, म्हणून चौघं पाय न वाजवता पेटी उचलून पळाले. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, याचे एक्सपी मिळतील ना? मी दिले. नाही कसे देणार.

मग मतदान. वकील ३.५, दादा २०२४, अक्का म्हणाल्या चौथी (हे कोणालाच अपेक्षित नव्हतं), भाचा बी-एक्स. परत चार तोंडं. मी म्हणलं, मला नवीन पुस्तकं घ्यायला कोणी पैसे देणार आहे का? शांतता. मग कॅम्पेन २०१४ वरच ठरली, जी सगळ्यांकडे आहे. पण मी तीन गोष्टी परस्पर घुसवल्यात. भेटल्यावर मूडचा दोन फाशांचा तक्ता, शत्रूचा पहिला माणूस पडला की पळायचं का याचा फासा, आणि उजेडाचा हिशोब, लाइट कॅन्ट्रिप बंद. पॅसिव्ह पर्सेप्शनपण मी आता सांगत नाही, फक्त म्हणतो की या फरशीवरची माती जरा वेगळी दिसतेय. वकिलाने याला आक्षेप घेतला, लेखी, पान नंबरसकट. मी फेटाळला.

पहिल्या सेशनला पात्रांचे कागद गोळा केले. वकिलाने पाचव्या एडिशनचा चोर बनवलाय, चांगला घासूनपुसून, तिसऱ्या लेव्हलपर्यंतचं प्लॅनिंग मागे लिहिलेलं. सामानाच्या यादीत पहिली ओळ, खाली दोन रेघा मारून: काठी, दहा फूट.